हरिपाठाच्या डबीतील गाणी

आपल्या समाजात प्रीतीने स्वतःच्या शब्दांत बोलावे असा शिरस्ता फारसा कधी नव्हता. पतीचे नाव घेण्याचा प्रसंग आला की नववधूने पूर्वापार चालत आलेल्या उखाण्याचा आश्रय करावयाचा, त्यात चांदीचे ताट यावयाचे, समईची वात यावयाची, महादेवापुढील नंदी यावयाचा, आणि या सर्व परक्या साहित्याच्या गर्दीतून अखेरीस ते एक नाव, त्याचे आपणांस विशेष काही नाही अशा आविर्भावाने, सोडून द्यावयाचे. परंतु भोवती जमलेल्या जाणत्या स्त्रिया ताटाकडे अथवा नंदीकडे लक्ष देत असतील असे कोणी समजू नये. उखाणा त्यांनाही पाठ असे. नाव उच्चारताना आवाज कोठे अडखळला, कोठे नको तितक्या घाईने पुढे गेला, एवढेच त्या टिपून घेत आणि त्यावरून त्या संसाराविषयीचे आपले मत कायम करीत. मी उभी हयात न्यायालयातील कारकुनीत घालविली असल्यामुळे, साक्षीदार काय बोलतो यापेक्षा बोलण्यापूर्वी किती थांबतो याकडे कान देण्याची खोड मलाही जडली आहे. आणि माझ्या पत्नीने विवाहापूर्वी रेवसहून मला धाडलेल्या एका कॅसेटीचा जो अर्थ मी आजवर लावीत आलो, तो या खोडीचेच फळ आहे.

कॅसेट या वस्तूच्या जन्माशी शृंगाराचा काही संबंध नव्हता. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीने 1963 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती प्रथम मांडली तेव्हा लू ओटेन्स आणि त्यांचे सहकारी यांच्या डोळ्यांसमोर होते ते खिशात मावेल असे एक सुटसुटीत ध्वनिमुद्रणयंत्र; 3.81 मिलिमीटर रुंदीची ती चिंचोळी पट्टी आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर हा तिचा मंद वेग यांतून उत्तम संगीत निघेल अशी अपेक्षा प्रारंभी कोणी फारशी धरली नव्हती. पुढे पट्टी सुधारली, यंत्रे स्वस्त झाली, आणि 1980 नंतरच्या दशकात आपल्याकडे ही चीज अशी काही फैलावली की तबकडीचा इतक्या वर्षांचा डामडौल बघता बघता लयास गेला. बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटींचा उत्तर भारतापुरता इतिहास पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने 1993 मध्ये ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात लिहून ठेवला आहे. मला येथे प्रस्तुत आहे ती घरी भरलेली कॅसेट, जिची नोंद कोणत्याही व्यापाऱ्याच्या वहीत नाही.

मुंबईपुण्यास गाणी भरून देणारी दुकाने होती. यादी द्यावी, कोरी कॅसेट द्यावी, चार दिवसांनी भरलेली घेऊन जावे, असा व्यवहार होता, आणि आमच्या कचेरीतील कित्येक उमेदवार तरुणांनी आपल्या भावना अशा रीतीने, सुवाच्य अक्षरांतील यादीसह, योग्य स्थळी पोहोचविल्या. मला हा प्रकार मुखत्यारनाम्याने केलेल्या प्रेमासारखा वाटतो. कायद्याने त्यास बाध येत नाही, पण रेकॉर्डवर सुई ठेवणारा हात दुकानदाराचा, गाणे संपेपर्यंत तेथे बसून राहणारा जीवही दुकानदाराचा. घरी भरलेल्या कॅसेटीत मात्र एका गोष्टीस पळवाट नाही: जेवढा वेळ ऐकणाऱ्याचा खर्ची पडावयाचा तेवढा तरी भरणाऱ्याचा आधी पडलेला असतोच. तासाभराच्या कॅसेटीतील प्रत्येक बाजूची पट्टी सुमारे 86 मीटर लांब भरते. ती समोर बसून, तिच्याच गतीने, सेकंदाला पाच सेंटिमीटरही नाही अशा चालीने पुढे सरकू द्यावी लागते.

त्यातही रेवससारख्या ठिकाणी हा उद्योग करणे म्हणजे काय होते, हे सांगितल्याशिवाय पुढील गोष्ट कळावयाची नाही. धरमतरच्या खाडीच्या मुखाशी हे गाव आहे. पलीकडे करंजा आणि द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेस रात्री आकाशात दिसणारा मुंबईच्या दिव्यांचा उजेड. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच तासदीड तासात येथे येते, आणि तेच अंतर पेण-वडखळच्या रस्त्याने कापावयाचे तर शंभरएक किलोमीटरांचा वळसा पडतो. यामुळे गावाचे सारे जीवित धक्क्यावर आणि भरतीओहोटीच्या वेळापत्रकावर बेतलेले. 1981 च्या जानेवारीत कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला. अलिबागेहून येणाऱ्या लखोट्यांवरील जुने नाव खोडून नवे लिहिलेले असे, त्या सुमाराची ही हकीकत. माझे भावी श्वशुर धक्क्याच्या वाटेवर किराणा मालाचे दुकान चालवीत आणि दुकानाच्या पाठीमागेच त्यांचे बिऱ्हाड होते. साखरपुडा ज्येष्ठात झाला, मागोमाग चातुर्मास लागला, आणि तुळशीचे लग्न होईपर्यंत मुहूर्त नाही असे ठरल्यामुळे मी माझगावास एका नातलगाच्या घरी आणि ती रेवसला, अशी आमची स्थिती कायम झाली.

साखरपुडा झालेल्या मुलाने सासुरवाडीच्या लाँचमध्ये वरचेवर दिसणे हे आमच्याकडे शिष्टसंमत नव्हते. पत्रे येत जात. परंतु तिची पत्रे धाकटा भाऊ पेटीत टाकण्यापूर्वी वाचून घेई आणि माझी पत्रे ओसरीवर सर्वांदेखत उघडली जात, तेव्हा त्यांतील मजकूर प्रकृतिमान, पर्जन्यमान आणि बाजारभाव या तीन विषयांच्या पलीकडे कधी गेला नाही. सुक्या बोंबलाचे त्या पावसाळ्यातील दर मला अद्याप आठवतात.

यंत्र शेजारच्या घरचे होते. त्या घरचा मुलगा आखातात नोकरीस होता आणि, त्या काळी किनाऱ्यावरील पुष्कळ घरांतून चाले त्याप्रमाणे, पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवी. त्याच्या आईस यंत्राला हात लावण्याची भीती वाटे, म्हणून मुलाचा आवाज ऐकविण्याचे आणि आईचे उत्तर भरून देण्याचे काम हिच्याकडे आले, आणि त्या सेवेचा मोबदला म्हणून सायंकाळी ते यंत्र हिच्या घरी येऊ लागले. कोरी कॅसेट विकत मागावी तर कारण सांगावे लागणार. सुदैवाने हिची माळकरी आत्या आषाढी वारीहून परतताना हरिपाठाची नवी कॅसेट घेऊन आली आणि जुनी, घासून घासून आवाज बसलेली, बेवारस झाली. विकतच्या कॅसेटीच्या पाठीस पुसले जाऊ नये म्हणून ठेवलेल्या दोन खाचा असतात, त्यांवर चिकटपट्टी लावली की वरून काहीही भरता येते. हिने चिकटपट्टी लावली. डबी मात्र तीच ठेवली, तिच्यावरील ज्ञानेश्वर माउलींच्या चित्रासह.

आता गाणी. ती निवडण्याची मुभा तिला होती असे मानणे म्हणजे त्या काळाविषयीचे अज्ञान होय. घरात तबकड्या नव्हत्या. होता तो एक रेडिओ. मुंबई आकाशवाणीची ‘आपली आवड’, विविध भारती, आणि हवा अनुकूल असेल त्या सकाळी रेडिओ सिलोन. (सिलोनच्या नादी आपला देश लागला यास एक मराठी गृहस्थच कारण झाले. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी 1952 पासून चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा ती सिलोनच्या आश्रयास गेली, आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून सरकारला ती परत आणावी लागली. केसकरांचे शास्त्रीय संगीतावरील प्रेम निर्विवाद होते. परंतु इतरांच्या प्रेमाची व्यवस्था त्यांनी नकळत परराष्ट्राकडे सोपविली.) एखादे विशिष्ट गाणे हवे असेल तर पंधरा पैशांचे कार्ड लिहून फर्माईश धाडावी, आणि ते कधी लागेल याची वाट पाहावी, ज्या सायंकाळी लागेल त्या सायंकाळी वीज असली पाहिजे, शेजारचे यंत्र घरी असले पाहिजे, वडील दुकानात गुंतलेले असले पाहिजेत. तेव्हा कोणते गीत आधी आणि कोणते नंतर यांत प्रेयसीचा गूढ संकेत शोधणाऱ्या रसिकांची मला गंमत वाटते. निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाच्या 1995 मधील ‘हाय फिडेलिटी’ या कादंबरीचा नायक रेकॉर्डांचे दुकान चालवितो, आणि टेप भरताना कोणते गाणे कोणत्या गाण्यामागून यावे याचे त्याने मोठे शास्त्र करून ठेवले आहे. पाठीशी दुकान असलेल्या माणसास शास्त्र परवडते. आमच्या कॅसेटीतील गीतांचा क्रम आकाशवाणीने लावला आहे.

मग तिचे म्हणून त्यात काय उरले? माझे उत्तर असे की, गाण्यांच्या कडा उरल्या. यंत्र चालू करावयाचे तर ‘रेकॉर्ड’ आणि ‘प्ले’ ही दोन बटणे एकदम दाबावी लागत. निवेदिका गीताचे, चित्रपटाचे, गायकाचे नाव सांगे, आणि तिचा शेवटचा शब्द व गीतापूर्वीच्या वाद्यमेळाचा पहिला स्वर यांच्या मधल्या निमिषार्धात, हे गीत त्याला धाडावे किंवा धाडू नये, याचा निर्णय करून बोटांनी आपले काम करावयाचे. जेथे मन आधीच सिद्ध होते तेथे निवेदिकेच्या वाक्याचे शेपूटही पट्टीवर आले आहे. जेथे विचार पडला तेथे तेवढ्या विचाराइतकी गीताची सुरुवात गेली आहे. ज्या गोष्टीचा उच्चार पत्रात होणे शक्य नव्हते त्या गोष्टीचे, म्हणजे निश्चयाचे आणि संकोचाचे, सेकंदांत मोजता येण्यासारखे माप तिने मला धाडले, आणि ते तिला ठाऊकही नव्हते. म्हणूनच मी त्यास पुरावा मानतो, कारण जाणूनबुजून दिलेली साक्ष कितीही गोड असली तरी तिची किंमत कमीच धरावी लागते.

पहिल्या बाजूवर तलत महमूद यांचे एक विरहगीत आहे. त्याचा आरंभीचा वाद्यमेळ संपूर्ण गेला असून गायकाने पहिली ओळ अर्धी गायिली आहे अशा बिंदूपासून ते सुरू होते. या बाजूवर असे वारंवार घडते: कोठे सतार तुटलेली, कोठे मुखड्याचा पहिला शब्द गिळलेला. दुसऱ्या बाजूवर मात्र निराळीच व्यक्ती यंत्रापाशी बसली असावी असे वाटते. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, गायक अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा, ही ‘शुक्रतारा’ या भावगीताची नामावली त्या काळच्या महाराष्ट्रात कोणास सांगावी लागत नसे. आमच्या पट्टीवर त्या नामावलीतील अखेरचा ‘त्रा’ एवढाच वर्ण निवेदिकेच्या आवाजात आला आहे, आणि लागलीच गीत. हा ‘त्रा’ मी किती वेळा ऐकला असेन याची मोजदाद नाही. संकोचाकडून निश्चयाकडे, गिळलेल्या मुखड्याकडून या ‘त्रा’कडे जाणारा हा प्रवास म्हणजे चातुर्मासातील तिच्या मनाचा आलेख होय, असे प्रतिपादन मी घरात आणि बाहेर, ऐकून घेणारे मिळाले तेथे, नेहमीच केले आहे.

यंत्राला रेडिओशी जोडणारी तार नव्हती. रेडिओसमोर पाटावर यंत्र ठेवून त्याच्या अंगच्या मायक्रोफोनने सारे भरले जाई. त्यामुळे गीतांबरोबर रेवसही आत आले. सिलोनवर रोज सकाळी आठाच्या सुमारास जुन्या गीतांचा कार्यक्रम सैगल यांच्या एका गीताने संपत असे, तसे एक गीत या कॅसेटीत आहे, आणि त्याच्या दुसऱ्या कडव्यावर मुंबईस निघालेल्या लाँचचा भोंगा पडला आहे. एका युगुलगीतात दुकानावरचे कोणी गिऱ्हाईक पावशेर गूळ मागते, आणि तो गूळ कागदात बांधून होईपर्यंत गीतातील दोघे एकमेकांस थोपवून धरतात. तलतच्या त्याच गीतात मध्येच रेडिओची एकदम कर्कश खरखर होते आणि, मी घड्याळ लावून पाहिले आहे, सहा सेकंदांनी खोलीच्या बाहेर मेघगर्जना ऐकू येते. विजेचा विद्युतस्पंद रेडिओत तत्क्षणी पोहोचतो. ध्वनीस मात्र किलोमीटरामागे तीन सेकंद लागतात. म्हणजे वीज दोन किलोमीटरांवर पडली. खाडीची रुंदी तेथे साधारण तेवढीच भरते, म्हणून मी ती पलीकडे द्रोणागिरीवर पाडतो. आषाढाच्या उत्तरार्धात, पाऊस एकदा बसला म्हणजे, कोकणात वीज सहसा कडाडत नाही हे खरे. परंतु त्या वर्षी कडाडली असावी.

आणि दोन गीतांच्या मधल्या सांध्यांत, जेथे एकदा बटण सोडून पुन्हा दाबताना जुना मजकूर पुसला जावयाचा राहिला आहे तेथे, क्षणमात्र टाळ वाजतो. गीत संपते, टाळाचा एकच ठोका, पुढील गीत सुरू. आत्याबाईंच्या हरिपाठाने आपला हक्क पूर्णपणे सोडला नाही. पुढे काही वर्षांनी आणखी एक प्रकार उद्भवला: गुंडाळून ठेवलेल्या पट्टीच्या एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटते आणि गीत सुरू होण्यापूर्वी क्षीणपणे तेच गीत ऐकू येते. ‘शुक्रतारा’च्या आधी हे स्पष्ट ऐकू येते. यास मी पुरावा मानीत नाही. हा पदार्थविज्ञानाचा भाग आहे.

काय घेतले याइतकाच, काय घेतले नाही याचाही विचार करावा लागतो. तिला ‘बंदिनी’ (1963) या चित्रपटाच्या अखेरीस सचिनदेव बर्मन यांनी स्वतः गायिलेले नावाड्याचे गीत विलक्षण प्रिय. भाकरी थापताना आजही ती ते गुणगुणते. धक्क्यालगत राहणाऱ्या, पलीकडल्या तीरावर मन गुंतलेल्या मुलीने हे गीत धाडावे यापरते औचित्य ते कोणते? रेडिओवर ते लागतही पुष्कळ असे. तरीही कॅसेटीत ते नाही. नावेचे, नावाड्याचे, पैलतीराचे एकही गीत नाही. हे मला मुंबईत उमगले नाही. रेवसला ज्यांनी वास्तव्य केले त्यांस सांगावयास नको. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असता, आषाढी अमावास्येच्या सणासाठी घराकडे निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे येत होती. ती काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक जीव बुडाले. या किनाऱ्यावरील गावांतून त्या अमावास्येस दिवा लावताना कोणाचे ना कोणाचे नाव निघत असे. हिच्या जन्मापूर्वीची ही घटना. परंतु ज्यांच्या मांडीवर ती वाढली त्यांनी ती सोसली होती, आणि त्या घरी आषाढी अमावास्येला लाँचने कोणी जावयाचे नाही असा दंडक होता. त्याच पाण्यावरून मी मार्गशीर्षात वऱ्हाड घेऊन यावयाचा होतो. तेव्हा बुडणाऱ्या, भरकटणाऱ्या, पैलतीरास हाका मारणाऱ्या नावाड्यांस तिने कटाक्षाने वगळले, आणि त्याविषयी ती तेव्हा बोलली नाही, नंतरही नाही. प्रेमपत्रांतून अनेकांनी अनेक प्रकारे काळजी व्यक्त केली आहे. ती आवडत्या गीताच्या त्यागाने व्यक्त केलेली माझ्या पाहण्यात ही एकच.

कॅसेट आली दिवाळीनंतर, लाँचने, सारंगाच्या हाती. डबीवरील चित्र पाहून त्याने ती आपल्या केबिनमध्ये एकवीरेच्या तसबिरीशेजारी ठेवून आणली आणि भाऊच्या धक्क्यावर माझ्या हाती देताना, “जपून न्या, देवाचा हाय,” असे बजावले. माझगावच्या घरी त्याहून बिकट प्रसंग ओढवला. तेथील वृद्ध गृहिणीने दिवेलागणीस सर्वांनी मिळून हरिपाठ ऐकावा असा आग्रह धरला, आणि पुढील कित्येक सायंकाळी मला कचेरीत विनाकारण काम निघत गेले. ऐकली ती एका सहकाऱ्याच्या खोलीवर, त्यास चहास पिटाळून.

आता हे सर्व नामशेष झाले आहे, आणि त्याविषयी अश्रू ढाळण्याचा माझा इरादा नाही. 2020 पासून मांडव्यास मोटारींसकट माणसे आणणारी रो-रो बोट सुरू झाली, रेवस-करंजा पुलाची चर्चा मी तरुणपणापासून ऐकत आलो आहे, आणि माझी भाची आपल्या नियोजित वरास गाण्यांची यादी फोनवरून क्षणार्धात धाडते. त्या यादीत गिऱ्हाइकाचा गूळ नसतो हे खरे. परंतु ती मला सांगते की, त्याने कोणते गाणे किती वेळा ऐकले हे तिला दिसते, आणि एक गाणे तो दर वेळी अर्ध्यावर सोडून देतो हेही. मी तिला विचारले, कोणते? ती लाजली. तेव्हा कडा अजूनही आहेत. फक्त त्या आता ऐकणाऱ्याच्या बाजूस आल्या आहेत, आणि तेथे काय दिसते हे वाचण्यास माझ्यापेक्षा तीक्ष्ण कान, किंबहुना डोळे, हवेत.

जुन्या कॅसेटीची मी निगा राखतो. खाऱ्या हवेत पट्टीवर पांढरी बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात ती तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या फडताळात असते, आणि वर्षातून दोनचार वेळा, यंत्र मान्य करील तेव्हा, लावली जाते. गेल्या पावसाळ्यात अशीच लावली असताना मी भाचीस संकोचापासून निश्चयापर्यंतचा माझा सिद्धान्त सोदाहरण ऐकवीत होतो, आणि ही पलीकडे वाल सोलीत बसली होती.

“काही संकोच वगैरे नव्हता,” ती वालांवरची नजर न काढता म्हणाली. “शेजारच्यांच्या त्या टेपचं बटण जाम झालं होतं. दोन्ही अंगठ्यांनी दाबावं लागायचं. तोवर गाणं निघून जायचं पुढे.”

मी न्यायालयीन शांततेने निदर्शनास आणले की, बटण जाम असते तर दुसऱ्या बाजूवर ‘त्रा’ पकडला गेला नसता. जाम झालेले बटण काळाने अधिकच जाम होते, सैल होत नाही.

“अहो, तेच सांगतेय. दुसरी बाजू मी आधी भरली. आत्याची कॅसेट जशी हाती आली तशी घातली टेपात. कुठली बाजू वर आहे ते कोण बघतंय? तेव्हा बटण चांगलं होतं. पहिली बाजू नवरात्राच्या सुमाराला भरली.”

भाची माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो की, हे केवळ तोंडी विधान आहे, त्यास स्वतंत्र पुष्टी हवी.

“वीज ऐकता ना तुम्ही घड्याळ लावून?” ती म्हणाली. “आषाढात वीज कुठली कडाडायला? ती हस्तातली.”